अवसेच्या शनिवारची माणसं

माझी भाची पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. भाड्याचा का होईना फ्लॅट आहे, पगार चांगला आहे, जिमचे पैसे भरलेले आहेत, आणि तरीही फोनवर तिचं एकच पालुपद असतं: "मावशी, मला अजून माझी ट्राइब सापडली नाहीये गं." 'फाइंड युअर ट्राइब' हा मंत्र हल्ली कॉफीच्या कपांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे दिसतो. मला त्याचा राग नाही. फक्त एक शंका येते, की आपली माणसं कुठेतरी तयार बसली आहेत आणि पत्ता तेवढा हुडकायचा राहिलाय, असं या पोरांना वाटतं की काय.

मला माझी माणसं मिळाली ती आकाशदर्शनाच्या नादात. बँकेतली नोकरी, संसार, बदल्या हे सगळं सांभाळून अमावास्येच्या आगेमागे येणारा शनिवार मी त्यांच्यासाठी राखत आले. "लांबण लावू नकोस, मुद्द्यांत सांग," असं भाचीने बजावलंय, म्हणून आकडे घातले आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. माणसं शोधायला निघू नये

लग्न होऊन मी डोंबिवलीत आले ती बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून. हिवाळ्यात रब्बीला रात्रीचं पाणी द्यायचं असे, आणि आमच्या आबांना त्यासाठी घड्याळ लागत नसे. तिकांडं कासराभर वर आलं की ते उठत. उन्हाळ्यात आम्ही पोरं माळवदावर झोपायचो. तेव्हा डोक्यावर म्हातारीचं बाजलं असायचं आणि ते पळवणारे तीन चोर. बाजलं म्हणजे सप्तर्षी आणि तिकांडं म्हणजे मृगातला बाण, हे मला पुढे कॉलेजात एका पुस्तकातून कळलं.

डोंबिवलीत आकाश म्हणजे दोन इमारतींमधली पट्टी. माणसं जोडायचा प्रयत्न मीही केला. सोसायटीचं महिला मंडळ झालं, भिशी झाली, हळदीकुंकू तर होतंच. बायका चांगल्या होत्या, कुणाबद्दल तक्रार नाही. पण भिशीत नंबर लागला की पैसे घेऊन घरी यायचं आणि पुढच्या महिन्यापर्यंत मला त्यांची आठवण येत नसे. त्यांनाही माझी येत नसावी.

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला. दिवेलागणीनंतर वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी दिसे, अगदी डोंबिवलीच्या उजेडातसुद्धा. वाळत घातलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेले होते, तर पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून एक गृहस्थ ओरडले, "वहिनी, द्विनेत्री देऊ का? शेपट्या दोन आहेत त्याला!" मला एकच दिसली, धुळीची, पिवळसर. दुसरी निळी शेपटी वायूची असते आणि ती शहराच्या उजेडात हरवते, ती बघायला वांगणीला या, असं ते म्हणाले. मी गेले ती त्या दुसऱ्या शेपटीसाठी. तिथे कोण असेल, माझं त्यांच्याशी जमेल का, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. आणि म्हणूनच जमलं, असं माझं मत आहे. माणसं आपल्याला पसंत करतील का, या धास्तीत गेलेला माणूस स्वतःकडेच बघत बसतो. शेपटी बघायला गेलेल्याला तेवढी फुरसत नसते.

२. ओळख अंधारात झालेली बरी

वांगणी म्हणजे कर्जतच्या रस्त्यावर बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मुंबई-ठाण्याची खगोलप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं तिथे जात आली आहेत. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्याच्या आगेमागे राज्यात अशी बरीच मंडळं उभी राहिली. संध्याकाळच्या लोकलने जायचं, रात्रभर माळावर काढायची, पहाटेच्या लोकलने परतायचं. चंद्र नको म्हणून अवस आणि सुट्टी हवी म्हणून शनिवार. "अवसेच्या रात्री बाईमाणूस माळावर?" असं आमच्या शेजारणीने चारदा तरी विचारलं असेल. तिला काय उत्तर देणार? अवसच तर हवी होती.

डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि कुणी पांढरा उजेड पाडला की पुन्हा श्रीगणेशा. मंद उजेड टिपणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी लाल रंगाने फारशा विचलित होत नाहीत, म्हणून टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधायचा. त्या लाल उजेडात तारानकाशा दिसतो, चेहरा दिसत नाही. त्यामुळे आमच्याकडे माणूस आधी आवाजाने कळतो. एक आवाज होता, संथ, मध्येच खाकरणारा. सिंहेच्या शेपटीपासून कन्येपर्यंत पसरलेल्या दीर्घिका तो बोटावर मोजल्यासारख्या सांगत होता. कॉलेजात प्राध्यापक असणार, असं मी धरून चालले होते. दुसरा एक आवाज सारखा टॉर्च लावत होता आणि सगळ्यांच्या शिव्या खात होता. मीही त्याला दोनदा झापलं.

पहाटे स्टेशनवर उजाडलं तेव्हा खाकरणारे काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधले फिटर निघाले, आणि टॉर्चवाला एका मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन. दिवसा, एखाद्या लग्नाच्या पंगतीत वगैरे भेटलो असतो, तर मी सर्जनशी अदबीने बोलले असते आणि काकांशी बहुधा बोललेच नसते. आडनाव, हुद्दा, साडीचा पोत, गळ्यातलं, इंग्रजीचा उच्चार, अशी माणूस जोखायची आपली सगळी वजनमापं अंधारात निकामी होतात. कुणाला काय येतं आणि दुर्बिणीपाशी दुसऱ्याला तो जागा देतो की नाही, एवढंच उरतं.

माळावरच्या अंधाराने जात पुसली जाते असा भाबडा दावा मी करणार नाही. उजाडल्यावर लोकलमध्ये आडनावं विचारली जातातच. पण तोवर रात्रभराची ओळख झालेली असते, आणि ती मागे घेता येत नाही.

३. चहा आपल्याकडे आला की सावध व्हावं

कुठल्याही मंडळात बाई गेली की तिच्या हातात चहाचं पातेलं येतं. दुष्ट हेतूने नव्हे, सवयीने. "वहिनी, तेवढा चहा बघाल का?" माझ्याही वाट्याला आलं. मी म्हटलं, बघते, पण बदल्यात दुर्बीण लावायला शिकवा. सौदा ठरला. पुढे चहासाठी चिठ्ठ्या टाकायची पद्धत पडली आणि सर्जनसाहेबांना आल्याचा चहा फक्कड जमतो हा शोध लागला.

दुर्बीण लावायला शिकले ती मृगाच्या तेजोमेघावर. तिकांड्याच्या खाली लोंबणारा तो पुसट ठिपका सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवर आहे. तिथे अजून तारे जन्माला येताहेत. पण मासिकांतले गुलाबी-जांभळे फोटो पाहून आलेल्या माणसाला नेत्रिकेतून राखाडी धूसर डाग दिसतो आणि त्याचं तोंड उतरतं. म्हणून माझ्याकडे काम आलं ते रांगेचं. पुढच्या माणसाच्या कानाशी आधी सांगायचं, की रंग दिसणार नाहीत, नजर थेट रोखू नका, किंचित बाजूला बघा म्हणजे कडा उमटतील, मधोमध चार बारीक तारे शोधा. एवढं सांगितलं की तोच माणूस नेत्रिकेपासून हलायला तयार होत नाही.

हे काम क्षुल्लक होतं. पण एका शनिवारी घरी पाहुणे होते म्हणून मी गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: "अहो, काल रांगेने नुसता गोंधळ घातला. पुढच्या वेळी येताय ना?" माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. भिशीत माझ्यावाचून कधी काही अडलं नव्हतं.

४. आरसा घासायला बसावं

हा मुद्दा मी भाचीला फोनवर सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे फारच लिटरल होतंय." होऊ दे.

परावर्ती दुर्बिणीचा आरसा घरी घासून बनवता येतो. आयुकाने आणि राज्यातल्या मंडळांनी अशा कार्यशाळा बऱ्याच घेतल्या आहेत. आमच्या मंडळानेही घेतली, एका शाळेच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा असतात. एक खाली पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाण्यात कालवलेली कार्बोरंडमची पूड टाकायची आणि दुसरी काच वर ठेवून पुढेमागे घासायची. जात्याच्या दोन तळ्या जशा एकमेकींवर फिरतात, तसंच. दर काही फेऱ्यांनी वरची काच थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. गंमत अशी की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतर हवं असेल तर मधोमध खोली लागते जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेवढ्यासाठी कित्येक संध्याकाळी जातात.

पूड भरड असते तेव्हा दात शिवशिवतील असा आवाज येतो. मग त्याहून बारीक, मग त्याहूनही, आणि शेवटी नुसती सळसळ ऐकू येते. प्रत्येक टप्प्यावर पूड बदलताना सगळं धुवायचं. काचा, बादली, टेबल, फडकी, अ‍ॅप्रन, नखंसुद्धा. भरड पुडीचा एक कण नखात अडकून राहिला आणि काचेखाली आला, की चर्रकन ओरखडा उठतो आणि मागच्या पुडीवर परत जावं लागतं. तिथे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही, सगळे नखं घासताहेत. आमच्यातल्या एका मुलीने लांब, रंगवलेली नखं दुसऱ्याच संध्याकाळी कापून टाकली, आणि त्याबद्दल तिच्या आईने आम्हाला मनापासून दुवा दिला.

शेवटी डांबरासारख्या पिचच्या गादीवर सीरियम ऑक्साइडचा गुलाबी लगदा घालून पॉलिश. मग फूकोची चाचणी. लेऑं फूकोने १८५८ मध्ये काढलेली ही युक्ती आजही तशीच चालते. एक दिवा, एक दाढीचं पातं, आणि आरशावर उमटणारी सावली. त्या सावलीवरून चढउतार वाचायचे, तेही केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचे. हाताच्या उबेनेसुद्धा काच फुगते आणि खोटा उंचवटा दिसतो. त्यामुळे चाचणीआधी काच थंड होईपर्यंत गप बसावं लागतं.

आता तेवढा वेळ गप कोण बसतं? त्या बसण्यातच सगळं बोललं गेलं. माझ्या पिंपाच्या पलीकडे एक निवृत्त शिक्षक होते. पहिले काही दिवस ते फक्त "पाणी टाका" आणि "पाऊल सरकवा" एवढंच म्हणत. मग एकदा काच थंड होत असताना त्यांनी सांगितलं, की मुलगा परदेशी गेल्यापासून संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ त्यांना खायला उठतो, आणि म्हणून ते इथे येतात. समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून ते हे कधीच बोलले नसते. "मोकळं बोला" म्हणून गोल करून बसवणाऱ्या शिबिरांचं मला म्हणून नवल वाटतं. दोघांचे हात एका कामात गुंतलेले आणि डोळे काचेवर, अशा वेळी आमच्याकडची माणसं जितकी बोलतात तितकी इतर वेळी बोलताना मी पाहिली नाहीत.

५. नवऱ्याला ओढू नये

आमचे हे एकदाच आले. साडेदहाला सतरंजीवर आडवे झाले, पहाटे पोह्यांच्या वासाने उठले, आणि कार्यक्रम छान झाला म्हणाले. त्यानंतर मी आग्रह केला नाही. त्यांना जुनी नाट्यगीतं आवडतात, मला त्यातली तान लांबली की जांभई येते. शनिवारी ते माझ्या डब्यात थालीपीठ आणि लोणी भरून देतात, आणि मी त्यांच्या मैफलींच्या तिकिटांचे पैसे विचारत नाही. घर एक, गोतावळे दोन. आमचं बरं चाललंय.

६. ढग आले की थांबावं आणि बघावं

२२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण सुरत, इंदूर, भोपाळवरून वाराणसी, पाटण्याकडे जाणार होतं. ऐन पावसाळ्यात. पाटण्याजवळच्या तारेगणाचं नाव तेव्हा सगळीकडे गाजत होतं. गावाच्या नावातच तारे, आर्यभटाशी जोडलेली आख्यायिका, आणि खग्रास अवस्था साडेतीन मिनिटांहून जास्त. आम्ही कुर्ल्याहून गाडी पकडून गेलो. हजारो लोक जमले होते. सकाळी साडेसहाच्या आधीच खग्रास अवस्था लागणार होती, आणि आकाश इकडून तिकडे गच्च भरलेलं.

अंधार पडला. पडला म्हणजे कुणीतरी बटण बंद केल्यागत पडला, आणि पाखरं झाडांत परतली. पण प्रभामंडळ नाही, हिऱ्याची अंगठी नाही. ज्यांनी वर्षभराच्या रजा साठवल्या होत्या, उसनवारी करून कॅमेरे आणले होते, त्यांच्या पदरात एक राखाडी छत पडलं.

अशा वेळी माणसं कळतात. काहींनी लगेच संयोजन कुणाचं होतं ते काढलं. दोघं-तिघं न बोलता गाडीत जाऊन बसले. आमचे वर्कशॉपवाले काका मात्र वहीत आकडे मांडत होते. त्यांनी झाडाच्या सावलीत तापमापक टांगला होता आणि दर मिनिटाला नोंद घ्यायचं ठरवलं होतं. ढग आले म्हणून तापमान मोजायचं कशाला थांबवायचं, असं त्यांचं म्हणणं. बाजूला एकाने २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाची हकिगत काढली. ते राजस्थान-उत्तर प्रदेशातून गेलं होतं आणि आकाश निरभ्र होतं. सांगता सांगता तो इतका रंगला की न पाहिलेलं ग्रहण आम्ही त्याच्या तोंडून पाहिलं. परतीच्या गाडीत मी काकांच्या वहीतले आकडे आलेखाच्या कागदावर उतरवले. पुढे कोणतंही काम कुणाबरोबर करायचं ठरलं, तर मी आधी तारेगणात तो माणूस काय करत होता ते आठवते.

७. पटलं पाहिजे असं नाही

आमच्यातले एक सभासद शनीची कडी फार सुंदर समजावून सांगतात. मुख्यतः बर्फाचे तुकडे, धुळीच्या कणापासून घराएवढ्या आकाराचे, आणि एवढा मोठा पसारा असून जाडी बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटरच. हेच गृहस्थ शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालून मग वांगणीची गाडी पकडतात. मी एकदा छेडलं. "वहिनी," ते म्हणाले, "तेल शनीला पोचत नाही हे मला माहीत आहे. आईला पोचतं." यावर मी वाद घातला नाही. दुसऱ्या एकाने घातला, अजूनही घालतो, आणि दोघं एकाच सतरंजीवर झोपतात.

मराठी माणसाचं मंडळ आणि त्यात फूट नाही, असं कसं होईल? आमचंही फुटलं, मोठी दुर्बीण कुणाच्या घरी ठेवायची यावरून. काही महिने दोन्ही बाजूंचे लोक एकाच लोकलच्या वेगवेगळ्या डब्यांतून वांगणीला जात. मी कधी या डब्यात, कधी त्या. लोकांनी नावं ठेवली. पण मला कोणत्या डब्यात बसायचं ते थालीपिठाचे वाटेकरी कुठे जास्त आहेत यावर ठरायचं. पुढे दोन्ही गट आपापल्या परीने चांगले चालले आणि अवसेचे शनिवार दुप्पट झाले.

८. बदली झाली की पुन्हा पहिलीत

बँकेने मला रत्नागिरीला पाठवलं. आकाश असं की बघत राहावं. एप्रिल-मेमध्ये रात्री दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू उभा, त्याच्या डावीकडे नरतुरंगातला तो प्रचंड तारकागुच्छ, जो युरोपातल्या बहुतेक देशांतून दिसतच नाही. वांगणीत बदलापूरचा उजेड हल्ली अर्धं क्षितिज खातो. इथे ती अडचण नव्हती. पण "दिसला का?" असं विचारायला शेजारी कुणी नव्हतं. मी काही रात्री एकटी गच्चीवर बसले. तेव्हा कळलं, की मला आकाश हवं होतं हे खरं, पण दुसऱ्याला दाखवलेलं.

तेव्हा मला जॉन डॉब्सनची आठवण व्हायची. हा माणूस कॅलिफोर्नियातल्या वेदांत मठात संन्यासी होता. दुर्बिणी बनवून लोकांना आकाश दाखवायच्या नादापायी तो वारंवार मठाबाहेर असे, आणि १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचं घर सुटलं. त्याने दुर्बीण सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मांडली, येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायला लागला, आणि १९६८ मध्ये सोबत्यांना घेऊन फुटपाथवरच्या खगोलप्रेमींचं मंडळ काढलं. त्याने रूढ केलेली प्लायवुडची साधी बैठक आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. डॉब्सनने कुणाला शोधलं नाही. दुर्बीण तिथे ठेवली, एवढंच.

मग मीही माझी सहा इंची दुर्बीण मांडवीच्या किनाऱ्यावर नेली. पहिल्या संध्याकाळी भेळवाला आणि त्याचा मुलगा. दुसऱ्या खेपेला त्या मुलाची अख्खी आळी. पोरांनी मला "दुर्बीणबाई" नाव ठेवलं. बँकेत माझा एवढा हुद्दा, पण रत्नागिरीत आजही माझी ओळख तीच आहे. कोकणात मात्र हंगाम लहान. पावसाने जूनला दार लावलं की ते ऑक्टोबरात उघडतं. भाची विचारते, नव्या शहरात किती दिवस वाट बघायची? माझा हिशोब असा, की एक हंगाम स्वतः काहीतरी मांडून बसल्याशिवाय त्या गावाला नावं ठेवू नयेत.

९. नव्या माणसाला पहिल्या तासात काम द्यावं

रत्नागिरीहून परत आले तेव्हा मंडळात नवी पिढी होती. हे लोक दुर्बिणीला डोळा लावतच नाहीत. कॅमेरा लावतात, ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर तासन्‌तास उघडा ठेवतात आणि शेकडो फोटो संगणकावर एकावर एक रचतात. जुन्यांनी नाकं मुरडली. मीही थोडी मुरडली, मग देवयानी दीर्घिकेचा त्यांचा फोटो पाहिला आणि नाक जागेवर आलं.

त्या कोलाहलात बारावीतली एक मुलगी यायची. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही, कोपऱ्यात उभी. तिला मी नोंदवही आणि पेन्सिल दिली. रूपविकारी ताऱ्यांचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून डोळ्यांनी अंदाजायचं आणि लिहायचं, हे काम जुनं आहे. अमेरिकेतली एक संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करते. काम कंटाळवाणं, पण चुकवून चालत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात ती म्हणाली, "ताई, काक्षी रोहिणीपेक्षा मंद वाटतोय." मृगातला काक्षी एरवी आकाशातल्या पहिल्या दहा-बारा ताऱ्यांत मोडतो. मी म्हटलं, तुला दिसतंय ते लिही. जगभरचे निरीक्षक तेव्हा तेच पाहत होते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं, मृगाच्या चौकोनातला एरवी फिका वाटणारा शेजारी त्याच्या तोडीचा दिसायला लागला. स्फोट होणार, अशा बातम्या आल्या. नंतर कळलं, की ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ झाली होती आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली होती. त्या मुलीच्या नोंदींचा आलेख मोठ्या वेधशाळांच्या आलेखाशेजारी ठेवला, तर दोन्ही उतार एकसारखे.

आता ती पदव्युत्तर शिक्षण घेते आहे आणि मंडळाच्या नोंदी तीच तपासते. मागच्या हंगामात माझा एक अंदाज तिने लाल पेनने खोडला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: "ताई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."